जुन्या राउटरला पोलिंग लावताना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं एखादं छोटं कार्यालय किंवा अभ्यासिका घ्या. कोपऱ्यात जुना पीसी, त्यात दोन नेटवर्क कार्डं, आत फ्रीबीएसडी. तोच सगळ्यांचा राउटर. शाहू स्टेडियमवरचा सामना सगळे मोबाइलवर लावून बसले की यंत्र गुदमरतं. इंटरनेट तर रखडतंच, पण कीबोर्डवर दाबलेलं अक्षरही पडद्यावर उशिरा उमटतं. हे दुसरं लक्षण महत्त्वाचं. नुसतं इंटरनेट मंद असेल तर दोष बाहेरच्या लाइनचाही असू शकतो. अक्षरं अडकत असतील तर प्रोसेसरच दमलेला आहे.

साधं कार्ड पॅकेट आलं की इंटरप्ट देतं आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो. पॅकेटं फार झाली की तो धावतच राहतो, आणि आलेली पॅकेटं पुढे पाठवायलाही त्याला सवड उरत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली ही कोंडी नीट मांडली. पुढे पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझ्झो यांनी फ्रीबीएसडीत पोलिंग आणलं: कार्डाने हाक मारायची नाही, कर्नलनेच ठरावीक वेळाने जाऊन बघायचं.

आधी मोजा. सामना चालू असताना ‘व्हीएमस्टॅट -आय’ चालवा, ‘टॉप -एस’मध्ये इंटरप्टची टक्केवारी बघा. ती किरकोळ असेल तर इथेच थांबा. पोलिंगने काही सुधारणार नाही. मोठी असेल तर ‘मॅन 4 पोलिंग’ उघडून तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर यादीत आहे का ते पाहा. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप रोमनमध्ये करायच्या.)

नेहमीच्या जेनेरिक कर्नलमध्ये ही सोय नसते, म्हणून कर्नल स्वतः बांधावा लागतो. जेनेरिकच्या फाइलची प्रत काढून तिला ‘पेठ’ नाव द्या, तिच्यात ‘ऑप्शन्स डिव्हाइस_पोलिंग’ ही ओळ घाला. मग ‘मेक बिल्डकर्नल केर्नकॉन्फ=पेठ’, त्यानंतर तसंच ‘इन्स्टॉलकर्नल’, आणि रीबूट. हे काम दुरून करू नका. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून यंत्रासमोर बसा. नवा कर्नल उठला नाही तर बूटच्या वेळी ‘कर्नल.ओल्ड’ निवडता येतो.

यंत्र उठलं की ‘आयएफकॉन्फिग आरएल0 पोलिंग’. इथे आरएल0 म्हणजे जुनं रिअलटेक कार्ड. तुमचं नाव वेगळं असेल. कायम ठेवायचं तर ‘आरसी.कॉन्फ’मध्ये त्या कार्डाच्या ओळीत ‘पोलिंग’ शब्द जोडा.

आता आकडे. ‘केर्न.एचझेड’ 1000 असेल तर कर्नल सेकंदाला हजारदा कार्ड तपासतो. ‘केर्न.पोलिंग.बर्स्ट_मॅक्स’ मुळात 150 असतो, म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त 150 पॅकेटं. गुणाकार दीड लाख. 100 मेगाबिटच्या तारेवरून लहानात लहान पॅकेटं सेकंदाला साधारण 1,48,800 येऊ शकतात, म्हणजे आकडा बरोबर पुरतो. गिगाबिटला तो तोकडा पडेल, तिथे वाढवावा लागतो. काही आभासी यंत्रांत ‘एचझेड’ 100 असतो. तिथे पॅकेटला 10 मिलिसेकंदांपर्यंत ताटकळावं लागेल. आधी ‘लोडर.कॉन्फ’मध्ये तो 1000 करून घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा ‘केर्न.पोलिंग.युजर_फ्रॅक’. मुळात तो 50 असतो: काम तुंबलेलं असलं तरी प्रोसेसरचा निम्मा वेळ इतर प्रोग्रॅमसाठी राखलेला. पोलिंग वेगासाठी नाही, या राखीव वेळेसाठी लावायचं. राउटरवर दुसरं काहीच चालत नसेल तर तो 20 पर्यंत उतरवायला हरकत नाही. प्रॉक्सी किंवा फाइल सर्व्हर त्याच यंत्रावर असेल तर हात लावू नका.

लिनक्सवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. तिथल्या ‘नापी’त पहिला इंटरप्ट येतो, मग गर्दी ओसरेपर्यंत कर्नल स्वतःच पॅकेटं उचलत राहतो.

पुढच्या सामन्याला पुन्हा ‘व्हीएमस्टॅट -आय’ आणि ‘टॉप -एस’ लावून मोजा. इंटरप्ट उतरले, पण पॅकेटं गळू लागली, तर ‘बर्स्ट_मॅक्स’ वाढवा. तरीही गळत असतील तर ‘आयएफकॉन्फिग आरएल0 -पोलिंग’ देऊन ते बंद करा आणि इंटरप्ट स्वतःच आवरून धरणारं नवं कार्ड बसवा.