काळ्या फळाची रानटी कॉफी व तिचा संकरास उपयोग

कॉफी हे आमच्या बहुतेक वाचकांचे पीक नव्हे. चिखलदऱ्याकडील थोडा टापू सोडला तर महाराष्ट्रात तिची लागवड नाहीच म्हटले तरी चालेल. तथापि एकदा टाकून दिलेल्या वाणाची पुढे कशी गरज पडते हे ज्यांस समजून घ्यावयाचे आहे, त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील स्टेनोफिला नावाच्या कॉफीची हकीकत अवश्य पाहावी.

बाजारात येणारी कॉफी मुख्यत्वे दोन जातींची असते. अरेबिकाचा स्वाद उत्तम. परंतु तिला उंचावरील थंड हवा लागते व तांबेरा तिजवर फार पडतो. रोबस्टा काटक असून सखल व उष्ण प्रदेशात येते. मात्र तिची चव कडवट. उष्णमान वाढत चालल्यामुळे अरेबिकाचे मळेवाले आज चिंतेत आहेत.

स्टेनोफिलाचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज डॉन यांनी १८३४ साली केले. हिची पाने अरुंद व फळ पिकल्यावर काळे पडते. सिएरा लिओन, गिनी व आयव्हरी कोस्ट येथील अरण्ये हे तिचे मूळ स्थान. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिकडे तिची लागवडही होत असे. परंतु ती फळास उशिरा येते व उत्पन्न कमी देते. रोबस्टा आल्यावर लोकांनी ती सोडली. यात त्यांस आम्ही दोष देत नाही. ज्यास सालाचा खर्च पिकावर भागवावयाचा असतो, तो भरघोस फळणारे झाडच लावणार. पुढे जंगलतोडही झाली, आणि १९५४ नंतर सिएरा लिओनच्या रानात ती कोणास आढळल्याची नोंद नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये क्यू उद्यानाचे आरन डेव्हिस, जेरेमी हॅगर व डॅनियल सार्मू यांनी तिचा शोध घेतला. कासेवे टेकड्यांत दिवसभर हिंडून एकच झाड मिळाले. आणखी झाडे पूर्वेकडील कांबुई टेकड्यांत सापडली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे ही जात सरासरी २४.९ अंश सेल्सिअस उष्णमानात वाढते, म्हणजे अरेबिकाहून ६ अंशांवर अधिक. चव घेणाऱ्या जाणत्यांपैकी शेकडा ८१ जणांना ती अरेबिकाच वाटली. स्वाद व उष्णता सोसण्याची शक्ती एका झाडात असणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग दोहोंचा संकर का करू नये? अडचण अशी की, अरेबिकाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात व स्टेनोफिलाच्या २२. त्यांची संतती ३३ गुणसूत्रांची, म्हणून खेचराप्रमाणे बहुधा वांझ. यास तोड म्हणजे औषधाने स्टेनोफिलाची गुणसूत्रे दुप्पट करून मग संकर करणे, व ती संतती पुनःपुन्हा अरेबिकाशी जुळवून निवड करणे. एकेका पिढीस अनेक वर्षे जातात. परंतु हे अशक्य नाही. कर्नाटकातील बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४० नंतरच्या दशकात निघालेल्या एस ७९५ या वाणात लायबेरिका या २२ गुणसूत्रांच्या जातीचे रक्त असून ते निसर्गतःच झालेल्या संकरातून आले. पुढे तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांपुढे त्याचा प्रतिकार ढिला पडला. तरी हा वाण अद्याप लावला जातो.

मुख्य काळजी मात्र वेगळीच आहे. कॉफीचे बी जोंधळ्याप्रमाणे वाळवून, राख लावून कणगीत ठेविता येत नाही. थोड्याच महिन्यांत त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून वाण राखावयाचा तर झाडच जिवंत राखावे लागते. शिवाय अरेबिकाचे फूल स्वतःच्या परागाने फळते, तसे स्टेनोफिलाचे फळत नाही; तिला दुसऱ्या झाडाचा पराग हवा. तेव्हा कासेवेचे ते एकटे झाड कितीही वर्षे जगले तरी त्यापासून बी मिळण्याचा भरवसा नाही. कांबुईतील झाडे तोडीतून वाचवून त्यांची रोपे जवळजवळ लावणे हाच आज तिकडे खरा उपाय आहे.