खेळाची पेटी की संगणक? कुलूप कोठे आहे ते आधी पाहा

व्हिडिओ गेमचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपण त्याकडे मुलांचा खेळ म्हणून पाहतो. पण या खेळामागचा धंदा अब्जावधी डॉलरचा आहे. यंत्र विकावे की माल विकावा, बाजार खुला ठेवावा की दाराला कुलूप लावावे, अडत किती घ्यावी, हे आपल्या रोजच्या व्यवहारातले प्रश्न या धंद्यात गेली चाळीस वर्षे उघडपणे लढवले गेले आहेत. म्हणून आज आम्ही हा धडा घेत आहोत.

दोन मार्ग

खेळ खेळण्याचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला कन्सोलचा. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची, मुख्यतः खेळासाठी बनवलेली पेटी. १९९०च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून कॅसेट घालायचे जे ‘व्हिडिओ गेम’ मिळत, ती याच जातीची वस्तू. आज सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच ही या बाजारातील तीन मोठी नावे आहेत. दुसरा मार्ग पीसीचा, म्हणजे घरच्या संगणकाचा. तोच संगणक हिशेबाला चालतो, पत्र लिहायला चालतो आणि चांगले ग्राफिक्स कार्ड बसवले की खेळालाही चालतो. मोबाईलने आता या दोघांपेक्षा मोठा गिऱ्हाईकवर्ग ओढला आहे. तो विषय वेगळा.

पेटी तोट्यात, कमाई मालात

प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि शाई महाग पडते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. कन्सोलचा धंदा बहुतांशी याच रीतीचा आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल हा खटला चालला. त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लॉरी राइट यांनी साक्षीत सांगितले की, एक्सबॉक्सच्या पेटीच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. मग कमाई कोठून होते? विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर कंपनी आपला हिस्सा घेते. शिवाय इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे तर अनेक खेळांसाठी वर्गणी भरावी लागते. संगणकावर अशी सरसकट वर्गणी नाही.

म्हणून केवळ पेटीचा भाव पाहून कन्सोल स्वस्त म्हणणे हा अर्धा हिशेब झाला. चांगला संगणक घेताना एकदम मोठी रक्कम जाते; पेटी घेतल्यावर तीच रक्कम थोडी थोडी करून पुढे जात राहते. पाच वर्षांचे खेळ, वर्गणी आणि दुरुस्ती धरून बेरीज केली म्हणजे खरा भाव कळतो.

दारावर पहारा का बसला?

कन्सोलसाठी कोणीही उठून खेळ बनवून विकू शकत नाही. कंपनीचा परवाना लागतो. ही अडवणूक वाटेल, परंतु तिच्यामागे एक मोठी बाजारपडझड आहे. १९८० नंतर अमेरिकेत खेळांच्या कॅसेटींचा पूर आला. ज्याला त्याला कॅसेट काढायची घाई झाली आणि माल निकृष्ट निघू लागला. १९८३ मध्ये बाजार कोसळला. सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास आली, असे सांगितले जाते. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाजवळ कचराभूमीत पुरला. २०१४ मध्ये तेथे खोदकाम झाले तेव्हा त्या कॅसेटी खरोखर बाहेर आल्या.

१९८५ मध्ये जपानची निन्टेन्डो कंपनी अमेरिकेत उतरली ती हा धडा घेऊनच. तिने पेटीत आणि कॅसेटीत एकमेकांना ओळखणारी चिप बसवली. परवान्याची चिप नसेल तर खेळ चालणार नाही. एका कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढण्याची मुभा दिली. गिऱ्हाइकाचा उडालेला विश्वास परत आला, आणि त्याबरोबर बाजाराची किल्लीही एका कंपनीच्या हाती गेली. बाजारातील लोक स्वतः मालाची प्रत सांभाळत नाहीत, तेव्हा दुसरा कोणीतरी येऊन दारावर पहारा बसवतो आणि पहाऱ्याचे पैसेही वसूल करतो.

संगणकाचा खुला बाजार

संगणकाची गोष्ट उलट घडली. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तो बहुतांशी बाजारात मिळणारे तयार भाग जोडून. मग कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याच धर्तीची यंत्रे काढली आणि पीसी कोणा एकाचा राहिला नाही. एकाने प्रोसेसर बनवावा, दुसऱ्याने मेमरी, तिसऱ्याने कॅबिनेट, आणि गल्लीतील कारागिराने ते जोडून द्यावे, अशी वाटणी झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकाने याच वाटणीवर उभी राहिली. जोडणी, दुरुस्ती आणि जुन्या भागांची खरेदी-विक्री यांतून कितीतरी घरे चालली. बंद पेटीत अशा कारागिराला फारच थोडी जागा असते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे जपानी सांस्कृतिक मालावर अनेक वर्षे निर्बंध होते. ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठले. त्यामुळे जपानी कन्सोलना तेथे पाय रोवता आले नव्हते. १९९७ च्या आर्थिक संकटात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतील अनेकांनी शिल्लक पैशांतून ‘पीसी बांग’ काढले, म्हणजे तासावर पैसे घेऊन संगणकावर खेळू देणारी दुकाने. १९९८ मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाने त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले. २००१ च्या सुमारास अशा दुकानांची संख्या वीस हजारांवर गेली होती. खुल्या यंत्रामुळेच लहान भांडवलाच्या माणसाला हा धंदा करता आला.

खुल्या बाजारातील नवा नाका

येथवर वाचून कोणी म्हणेल, संगणकाचा मार्ग चांगला आणि कन्सोलचा वाईट. तसे नाही. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ नावाची इंटरनेटवरील सेवा सुरू केली. २००४ मध्ये तिचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ आला, तेव्हा दुकानातून डबा विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडणे भाग होते. सोय मोठी होती. खेळ हरवत नाही, सुधारणा आपोआप होतात, सवलतीचे भाव मिळतात. गिऱ्हाईक तिकडे वळले आणि गिऱ्हाइकामागे खेळ बनवणारेही गेले.

स्टीमची अडत ३० टक्के. हजार रुपयांच्या खेळावर तीनशे रुपये दुकानाचे. कन्सोलच्या दुकानांतही साधारण हाच दर रूढ आहे. २०१८ च्या अखेरीस व्हॉल्व्हने दर कमी केला, पण कोणासाठी? एक कोटी डॉलरच्या पुढील विक्रीवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढील विक्रीवर २० टक्के. लहान कारागिराला ३० टक्केच राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीने १२ टक्के अडतीचे दुकान उघडले, तरीही बहुसंख्य गिऱ्हाईक जुन्याच दुकानात राहिले. ज्याच्याकडे गिऱ्हाइकाची सवय आहे, त्याला भाव उतरवण्याची घाई नसते.

जुना माल विकण्याचा हक्क

आता या धड्यातील मुख्य गोष्ट. कन्सोलची पेटी कुलूपबंद असली तरी तिची डिस्क गिऱ्हाइकाच्या मालकीची होती. खेळून झाली की विकावी, मित्राला द्यावी, जुन्या मालाच्या दुकानात बदलून घ्यावी. या व्यवहारावर अनेक लहान दुकाने जगली. संगणकाचे यंत्र खुले, पण स्टीमवर घेतलेला खेळ खात्याशी बांधलेला. तो दुसऱ्याला विकता येत नाही. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने यावर दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला, पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

म्हणजे एका ठिकाणी यंत्राला कुलूप आणि माल मोकळा. दुसरीकडे यंत्र मोकळे आणि मालाला कुलूप. आता कन्सोलवाल्यांनीही दुसरे कुलूप लावायला घेतले आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या डिस्कच्या व्यवहारावर बंधने घालण्याचे जाहीर केले, तेव्हा गिऱ्हाईक इतके संतापले की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये डिस्कची सोयच नसलेल्या पेट्या शंभर डॉलर किंवा त्याहून अधिक स्वस्तात आल्या, तेव्हा लोकांनी त्या आपखुशीने घेतल्या. जे जबरदस्तीने जमले नाही ते सवलतीने जमले.

आजची स्थिती

पूर्वी कन्सोल जुना होई तसा स्वस्त होई. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आले आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरले. प्लेस्टेशन ५ मात्र २०२० मध्ये ४९९ डॉलरला आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरवर चढले. आपल्याकडेही ते फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि पुढच्याच वर्षी पाच हजारांनी महागले. संगणकवाल्यांचेही सुख नाही. आधी आभासी चलन काढणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली. मग २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे मेमरी वळली आणि तिचे भाव भडकले. त्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

दरम्यान दोन मार्गांमधील भिंत खचत आहे. सोनीने २०२० पासून आपले गाजलेले खेळ संगणकावर आणले. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ प्रतिस्पर्ध्याच्या प्लेस्टेशनवर विकला. निन्टेन्डो मात्र आपले बहुतेक खेळ आपल्याच पेटीत ठेवून आहे.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, स्वस्त यंत्र, फुकट ॲप किंवा बिनभाड्याची जागा कोणी देत असेल, तर तो कमाई कोठून करणार हे आधी विचारावे. दुसरी, इंटरनेटवरील मोठ्या दुकानातून माल विकणाऱ्यांनी अडत भावात धरूनच हिशेब मांडावा आणि आपल्या गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या वहीतही ठेवावी. सारे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या नाक्यापलीकडे असेल तर दर ठरवणे आपल्या हाती राहत नाही. तिसरी, ज्यांना खेळाचे दुकान काढायचे आहे त्यांनी अटी वाचाव्यात. घरगुती वापरासाठी घेतलेला खेळ पैसे घेऊन चालवण्याची परवानगी असतेच असे नाही. चौथी, जोडणी-दुरुस्तीचे हुन्नर मुलांना जरूर शिकवावे, पण ज्या वस्तूचे भाग बाजारात मोकळे मिळतात तिचेच शिकवावे. पाचवी, मालाची प्रत आपण आणि आपल्या व्यवसायबंधूंनी मिळून सांभाळावी, म्हणजे पहारेकरी आणण्याची वेळ येणार नाही.

आणि घरात मुलाने कन्सोल घ्यावा की संगणक असे विचारले, तर आमचे उत्तर साधे आहे. फक्त खेळायचे असेल आणि डिस्क जुन्या बाजारात फिरवायची असेल तर डिस्कची पेटी घ्यावी. शिकायचे, कमवायचे आणि खेळायचेही असेल तर पैसे साठवून संगणक घ्यावा. दोन्हींत पावती घेण्यापूर्वी एवढे विचारावे की, यातील कोणती वस्तू खरोखर आपल्या मालकीची होणार आहे आणि कोणती केवळ वापरायला मिळणार आहे.