‘नोटिफाय’ या क्रियापदाचा अर्थ व वापर

शासकीय पत्रव्यवहारात ‘नोटिफाय’ हे इंग्रजी क्रियापद वारंवार आढळते. त्याचे मूळ लॅटिन असून ‘ज्ञात’ आणि ‘करणे’ या अर्थाचे दोन शब्द त्यात एकत्र आले आहेत. ज्ञात करणे, अर्थात कळविणे, हा त्याचा साधा अर्थ होय. मुख्याध्यापकांनी परीक्षेची तारीख पालकांना ‘नोटिफाय’ केली, म्हणजे ती त्यांना कळविली.

कायद्याच्या भाषेत मात्र या शब्दाची चाल बदलते. शासनाने एखादी जमीन ‘नोटिफाय’ केली, म्हणजे तिच्याविषयीची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध केली. येथे ‘अधिसूचित करणे’ हाच प्रतिशब्द योग्य. ‘कळविणे’ हा नव्हे. हा भेद केवळ पंडिती नाही. जमीन ‘नोटिफाय’ झाल्याचे ऐकून शेतकरी नावाच्या पत्राची वाट पाहत राहतो, आणि इकडे मुदत सुरू झालेली असते.

१ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते व त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. शिवाय पंचायत, जिल्हाधिकारी कार्यालय व तहसील कचेरी येथे ती स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी लागते. कलम १५ प्रमाणे प्रसिद्धीपासून ६० दिवसांच्या आत हितसंबंधी व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते आणि जातीने किंवा वकिलामार्फत आपले म्हणणे मांडता येते. १८९४ च्या जुन्या कायद्यात ही मुदत ३० दिवसांची होती. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली जमीन घेतली जात असेल, तर अवघे २१ दिवस मिळतात. पंचायतीच्या सूचनाफलकाकडे एरवी कोणी फिरकत नाही. पण अशा वेळी तोच फलक कामी येतो.

पुष्कळ जण ‘नोटीस’ व ‘नोटिफिकेशन’ एकच समजतात. नोटीस बहुधा विशिष्ट व्यक्तीवर बजावली जाते, अधिसूचना सर्वांसाठी असते. भाषांतर करणाऱ्या लिपिकाने ‘अधिसूचित’ऐवजी ‘कळविले’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

याच क्रियापदाची तिसरी वाट उलटी जाते. क्षयरोग २०१२ पासून भारतात ‘नोटिफाएबल’ रोग आहे. येथे शासन नागरिकाला कळवीत नाही. रुग्ण आढळल्यास डॉक्टरने, मग तो खाजगी का असेना, आरोग्य यंत्रणेस कळवावयाचे असते. या ठिकाणी ‘वर्दी देणे’ हा जुना मराठी शब्दप्रयोग चपखल बसतो.