कायद्याचा मूळ मजकूर कसा शोधावा

विरारच्या सोसायट्यांतल्या नोटीस बोर्डावर 'कायद्यानुसार' हा शब्द हमखास दिसतो. फ्लॅट भाड्याने दिला की बिनभोगवटा शुल्क 'कायद्यानुसार' दुप्पट-तिप्पट होते. अशा वेळी भांडू नका, मजकूर काढा.

आधी सेक्रेटरींना लेखी विचारा: कोणता कायदा, कोणते कलम? अर्धे काम इथेच होते. बिनभोगवटा शुल्काची मर्यादा १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशात आहे. तो सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली निघाला आणि त्यानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. अधिनियम, नियम, शासन आदेश आणि उपविधी या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

मग अधिनियमाचा क्रमांक टिपा. इथे अनेकांची चूक होते. नाव 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०', पण क्रमांक सन १९६१ चा महाराष्ट्र २४.

आता 'इंडिया कोड' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर सुधारणांसह मजकूर वाचा. तळटिपा सोडू नका. कोणता शब्द कधी घातला, कधी वगळला, ते तिथेच कळते. गृहनिर्माण संस्थांचे प्रकरण तेरा-ब २०१९ मध्ये आले. जुन्या पुस्तकात ते सापडणारच नाही.

वाद मोठा असेल तर थेट महाराष्ट्र शासन राजपत्र गाठा. भाग चारमध्ये मराठी अधिनियम असतो, भाग आठमध्ये इंग्रजी अनुवाद. राज्यपालांच्या प्राधिकाराने छापलेला हा अनुवाद संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे इंग्रजीतला प्राधिकृत पाठ ठरतो. वरच्या ओळीत प्रथम प्रसिद्धीची तारीख असते. तेवढ्यावर थांबू नका, कलम १ वाचा. 'शासन अधिसूचनेद्वारे नियत करील त्या दिनांकास' असे असेल तर ती अधिसूचनाही शोधावी लागते. ती निघेपर्यंत कायदा छापलेला असतो, लागू नसतो.

छापील अंक हवा असल्यास चर्नी रोडच्या शासकीय मध्यवर्ती मुद्रणालयात चौकशी करा. विरारहून चर्चगेट लोकलने थेट उतरता येते.

उताऱ्यावर राजपत्राचा भाग, तारीख आणि पृष्ठ लिहून प्रत अर्जाला जोडा. तारीख नसलेला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला उतारा सर्वसाधारण सभेत मांडू नका.