सर्वांत मोठा ज्वालामुखी कोणता? आधी मोजायचं काय ते ठरवूया!



ज्वालामुखीचा पाठ सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, आपला ब्रह्मगिरी विझलेला ज्वालामुखी आहे का?" उत्तर आहे, नाही. पण प्रश्न छान आहे. त्याचं उत्तर शेवटी पाहू. आधी उंची मोजूया.

१ किमी = १ सेमी असं प्रमाण घ्या आणि पट्टीने वहीत उभ्या रेघा काढा.

• कळसूबाई शिखर (१६४६ मीटर) : १.६ सेमी
• शुक्रावरील मात मॉन्स (सुमारे ८ किमी) : ८ सेमी
• पृथ्वीवरील मौना लोआ, हवाई बेट (समुद्रतळापासून सुमारे ९ किमी) : ९ सेमी
• मंगळावरील ऑलिंपस मॉन्स (सुमारे २२ किमी) : २२ सेमी

इथे एक गंमत आहे बरं का! मौना लोआ समुद्रसपाटीपासून मोजला तर जेमतेम ४.२ सेमी भरतो. म्हणजे 'किती उंच' याआधी 'कुठून मोजलं' हे विचारायला हवं.

आता ऑलिंपस मॉन्सची रुंदी पाहा. ती सुमारे ६०० किमी, म्हणजे आपल्या प्रमाणात ६ मीटर! वहीत मावणारच नाही. पटांगणात खडूने काढा. मुलं नेहमी टोकदार डोंगर काढतात, पण हा पालथ्या तव्यासारखा पसरट आहे. म्हणून याला ढाल ज्वालामुखी म्हणतात.

मंगळावर एवढा मोठा कसा झाला? मुठीतून रांगोळी सोडा आणि खालचा कागद सरकवत राहा. रांगोळीची रेघ उमटते. कागद स्थिर ठेवला तर एकाच जागी ढीग होतो. पृथ्वीचे भूपट्ट सरकतात, म्हणून हवाईला बेटांची रांग तयार झाली. मंगळावर असे सरकणारे भूपट्ट नाहीत, त्यामुळे लाव्हा एकाच जागी साचत गेला. शिवाय तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच आहे. त्यामुळे उंच ढीगही टिकून राहतो.

आता ब्रह्मगिरीकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर पसरला. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीचा डोंगर हे त्याच थरांचे झिजून उरलेले भाग आहेत. डोंगराच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात ना? ते हेच थर.

दख्खनचा हा बेसॉल्ट खडक आजही सुमारे ५ लाख चौ. किमी क्षेत्रावर आहे. ऑलिंपस मॉन्सचं क्षेत्र सुमारे ३ लाख चौ. किमी, म्हणजे जवळपास महाराष्ट्राएवढं. म्हणजे उंचीत मंगळ जिंकला, पण पसाऱ्यात आपलं दख्खन पुढे! म्हणून 'मोठा' म्हणण्याआधी उंची, रुंदी की क्षेत्रफळ, हे नक्की सांगा.

करून पाहा : घराजवळच्या डोंगराकडे दुरून पाहा. त्याचे किती टप्पे दिसतात ते मोजा आणि चित्र काढून वर्गात आणा.