अद्भुताचे कपाट

शाळेच्या ग्रंथालयात दोन प्रकारची पुस्तके दृष्टीस पडतात. काही वर्षानुवर्षे कोरी करकरीत राहतात; काहींची बांधणी मात्र वारंवार नव्याने करावी लागते. या दुसऱ्या प्रकारात मायावी पर्वतांच्या, गुप्त धनाच्या आणि विलक्षण प्रवासांच्या कादंबऱ्या पुष्कळ असतात. वडीलधारी माणसे अशा पुस्तकांकडे कित्येकदा संशयाने पाहतात. जे कधी घडले नाही व घडणारही नाही, ते वाचून मुलांनी काय मिळवावे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे.

अद्भुताची गोडी आपल्या देशाला नवी नाही. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ मूळ रूपात उरली नाही. परंतु तिच्यातील कथांचा ओघ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त साठवून ठेवला. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्याचे कार्य आरंभिले. पुढे नाथमाधवांनी ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. असे विद्वान आणि लेखक ज्या वाङ्मयात रमले, तो केवळ पोरखेळ खचित नव्हे.

मुलांच्या पुस्तकाची पारख कोणी करावी, याविषयी इंग्लंडमधील एक हकीकत मनोवेधक आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनी आपल्या मुलांसाठी एक दीर्घ कथा रचली होती. १९३६ साली ती लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे आली. बालवाङ्मयाचे खरे परीक्षक मुलेच, अशी अन्विन यांची धारणा होती. त्यांनी ते लिखाण आपला दहा वर्षांचा मुलगा रेनर याच्या हाती दिले. रेनरने अभिप्राय लिहिला व त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. नकाशे असल्यामुळे या पुस्तकाला चित्रांची गरज नाही आणि पाच ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना ते आवडेल, असे त्याचे मत पडले. या चिमुकल्या परीक्षकाने स्वतःला मात्र त्या वयातून वगळले होते! २१ सप्टेंबर १९३७ रोजी ‘द हॉबिट’ या नावाने ती कथा प्रसिद्ध झाली, आणि दीड हजार प्रतींची पहिली आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली.

या कथेचा नायक बिल्बो हा कोणी महावीर नव्हे. तो ठेंगणा, सुखवस्तू आणि घरच्या चुलीची ऊब सोडण्यास नाखूश असा गृहस्थ आहे. आग ओकणाऱ्या एका पंखधारी महासर्पाने बुटक्यांचे वडिलोपार्जित धन बळकावलेले असते. ते परत मिळवण्यासाठी तेरा बुटक्यांबरोबर तो निघतो. डोंगराच्या पोटातील भुयारात तो एकटा उतरत असता समोरून त्या महासर्पाचे घोरणे ऐकू येते. बिल्बो क्षणभर थबकतो आणि पुढचे पाऊल टाकतो. ते एक पाऊल हेच त्याचे सर्वांत मोठे शौर्य होय; त्या वेळी ते पाहण्यास तेथे कोणीही नसते.

पुढे महासर्प मारला जातो. पण धनाचा लोभ मरत नाही. ज्यांचे नगर त्या सर्पाने जाळले, त्या लोकांना वाटा देण्यास बुटक्यांचा नायक थोरिन नकार देतो आणि युद्धाची वेळ येते. तेव्हा थोरिनला प्राणाहून प्रिय असलेले एक रत्न बिल्बो गुपचूप विरुद्ध पक्षाच्या स्वाधीन करतो. युद्ध टळावे एवढाच त्याचा हेतू असतो. तेथे सुरक्षित राहणे शक्य असूनही मित्रांचा रोष सोसण्यासाठी तो माघारी येतो. हा मित्रद्रोह की खरी मैत्री? महासर्प कोणालाच भेटणार नाही. परंतु आपला मित्र अन्यायाने वागत असता काय करावे, हा पेच प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. अद्भुत कथा मुलाला त्या पेचाशी अगोदरच समोरासमोर आणते.

म्हणूनच ग्रंथालयाने या पुस्तकांचा उपयोग कल्पकतेने करावा. एखादे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून ऐन उत्कंठेच्या जागी थांबावे. पुढील भाग मुले आपण होऊन शोधतील. कथेतील प्रवासाचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. बिल्बोच्या कृतीसारख्या प्रसंगावर दोन्ही बाजूंनी चर्चा घडवावी. एका वहीत रेनरप्रमाणे मुलांनी आपले अभिप्राय लिहावेत. न आवडलेल्या पुस्तकाविषयीही निर्भयपणे लिहावे. मात्र प्रत्येक पुस्तकावर परीक्षा घेऊ नये. त्याने वाचनातील आनंदच हरपतो.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे त्यांतील पहिले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे दुसरे. ज्या मुलाला जाड पुस्तक पाहताच धास्ती वाटते, त्याला शेवटच्या पानापर्यंत नेणारा ग्रंथ पुष्कळदा अद्भुताच्या कपाटातच सापडतो. त्या कपाटाला कुलूप घातल्यास पुस्तके नवी राहतील. परंतु तो मुलगा वाचक होण्याचा राहून जाईल.

स्वाध्याय

१. वडीलधारी माणसे अद्भुत कादंबऱ्यांकडे संशयाने का पाहतात?
२. भुयारातील प्रसंगात बिल्बोचे शौर्य कसे दिसून येते?
३. ‘बिल्बोने रत्न दिले, हे योग्यच केले.’ या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध दहा ओळी लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : पारख करणे, दृष्टीस पडणे, रोष सोसणे.
५. ग्रंथालयातील एक पुस्तक वाचून त्यावर आपला अभिप्राय लिहा.