दोषार्पण व परतफेड

प्राचीन इस्राएल लोकांच्या यज्ञविधींचे वर्णन वाचताना पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात शंका उद्भवते की, पशूच्या रक्ताने मनुष्याचे पाप कसे दूर व्हावे? यज्ञ ही देवास दिलेली लाच तर नव्हे? या शंकेचे उत्तर लेवीय पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात आढळते.

तेथे ‘दोषार्पण’ नामक यज्ञाचा नियम आहे. कोणी शेजाऱ्याची ठेव नाकारली, जुलमाने काही हिरावून घेतले, किंवा सापडलेली वस्तू लपवून खोटी शपथ वाहिली, तर त्याने ती पूर्णपणे परत करावी व वर पाचवा हिस्सा द्यावा. म्हणजे 5 शेकेलांचे 6 द्यावे. शिवाय आपल्या कळपातील निर्दोष एडका याजकाकडे आणावा. यज्ञ केला म्हणून परतफेड चुकत नसे. तसेच केवळ परतफेडीनेही भागत नसे. कारण शेजाऱ्याचा अपराध तो देवाचाही अपराध होय, आणि ते ऋण रुप्याने फिटत नाही.

हिब्रू भाषेत या अर्पणास ‘आशाम’ म्हणतात. यशयाच्या 53 व्या अध्यायात परमेश्वराच्या दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या प्राणास हाच शब्द लाविला आहे. तो सेवक प्रभू येशू होय, अशी ख्रिस्ती मंडळीची श्रद्धा आहे. एडके वारंवार आणावे लागत. ख्रिस्ताने आपला प्राण एकदाच अर्पिला, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र शिकविते. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेतील मंदिर उद्ध्वस्त केले व तेथील पशुयज्ञ बंद पडले. तथापि शेजाऱ्याची समजूत घातल्यावाचून त्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त होत नाही, ही शिकवण यहुदी लोकांच्या मिश्ना ग्रंथातही आहे.

मग ख्रिस्ताने खंडणी भरली म्हणून आपण परतफेडीतून सुटलो काय? यरीहोचा जकातदार जक्कय याजकडे पाहा. त्याने एक पैसाही परत करण्यापूर्वी प्रभू त्याच्या घरी उतरला. त्या कृपेने त्याचे अंतःकरण पालटले, आणि त्याने आपले अर्धे धन दरिद्र्यांस व लुबाडलेल्यांस चौपट देण्याचे वचन दिले. नियमाने पाचवा हिस्सा मागितला. कृतज्ञतेने चौपट दिले. त्याची परतफेड क्षमेची किंमत नव्हती, क्षमेचे फळ होते.

विद्यार्थीबंधुभगिनींनो, कोणाचे पुस्तक आपल्या पेटीत दडले असेल, कोणावर आपण खोटा आळ घेतला असेल, तर प्रार्थनेस गुडघे टेकण्याबरोबरच त्याच्या दारीही जावे. क्षमा पावलेल्या मनुष्यास ती वाट जड वाटत नाही.